पहाट विकू नकोस

चि. बाळास,



तुझं पत्र पोचलं. मोबाइलवर लिहिलंस तरी मी त्याला पत्रच म्हणतो, कारण इतकं लांब आणि इतकं सरळ हल्ली कोणी कोणाला लिहीत नाही, आणि तुझ्या आजीने तर ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. घरून दर महिन्याला पैसे मागवताना जीव कसानुसा होतो, यंदा सोयाबीनने काय दिलं ते तुला ठाऊक आहे, धाकटीचीही बारावी तोंडावर आली, तेव्हा कॉलेज सांभाळून चार पैसे स्वतःचे मिळवता येतील का, असं विचारलंस. तू हे कधीतरी विचारणारच होतास. ज्या घरात तू वाढलास त्या घरातलं पोर दुसरं काय विचारणार? आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला होती, तेव्हा कोणी न सांगता पहाटे उठून वारकऱ्यांना पाणी द्यायला गेला होतास, हे मला तुझ्या खोलीतल्या मुलांनी सांगितलं. (तू नाही सांगितलंस, ते आणखी चांगलं.) तेव्हा तुझ्या नियतीची मला काळजी नाही. काळजी आहे ती पत्रातल्या एका ओळीची. चाकणला एका ठेकेदाराने नाइट शिफ्टला बोलावलंय, लगेच हो म्हणायचंय, असं लिहिलंस ना, त्यातल्या त्या ‘लगेच’ची.

काम करून शिकण्यात कमीपणा नाही, हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. पूर्वी पुण्यात शिकायला येणारी गरिबाघरची मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि त्या जेवणाखाली दबूनही जायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही मान वर केली. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि त्या मुलांनी स्वयंपाक करायचा, शेतात राबायचं आणि शिकायचं, असा नेम घातला. मुलांच्या पोटाला काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या मुलांना कोणी आश्रित म्हणू शकलं नाही, कारण ती खात होती ते घामाचं होतं. पण एक गोष्ट नीट बघ. भाऊरावांनी मुलांना राबवलं ते शाळेच्या वेळा सोडून. शिक्षण मधोमध आणि कमाई त्याच्या भोवती, अशी ती मांडणी होती. आता आपल्या ह्या पिंपरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात नेमकं उलटं होतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

हा पट्टा हाताला काम देण्यात कंजूष कधीच नव्हता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीतली शेकडो वर्कशॉपं. चाकण तेव्हा कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी माहीत होतं, जिथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं. (त्या किल्ल्याचे थोडे अवशेष अजून आहेत, एकदा सवडीने बघून ये.) २००९ साली तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज सुरू झाल्या आणि कांद्याच्या शेतांमधून कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. मी गावाहून इथे आलो तेव्हा मलाही ह्याच पट्ट्याने पोटाशी धरलं, टूलरूममध्ये उभं केलं, घर दिलं. त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण त्याची एक खोड मला ठाऊक आहे. तो माणूस घेतो फार पटकन. आधार कार्ड, पासबुक, दोन फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पायात सेफ्टी शूज आणि गळ्यात गेटपास. इतक्या सहज मिळालेल्या गोष्टीचा विचार करायला माणसाला वेळच मिळत नाही.

थर्ड शिफ्ट म्हणजे काय ते मला विचार. रात्री अकराला आत जायचं, पहाटे तीनच्या सुमाराला डोळ्यांवर जी झापड येते ती चहाने जात नाही, सकाळी सातला पंचिंग करून बाहेर यायचं, चाकणहून आकुर्डीला पोचेपर्यंत साडेआठ-नऊ, आणि तुझं बी.कॉम.चं कॉलेज भरतं सकाळीच. पहिला आठवडा तू जाशील, कारण तू जिद्दीचा आहेस. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावर डोकं टेकेल. मग हजेरी कमी भरते, मग दोन विषय राहतात, मग ‘पुढच्या सत्रात काढतो’ असं होतं, आणि एक दिवस मुलगा परीक्षेचा फॉर्मच भरत नाही, कारण त्या तारखेला ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, असतो. असे किती मुलगे मी कँटीनमध्ये माझ्यासमोर जेवताना पाहिले! आळशी एकही नव्हता, उलट सगळ्यांत कष्टाळू तेच. ‘दोनच महिने करतो, फी भरण्यापुरतं’ म्हणून आलेले, आणि काही वर्षांनी भेटले तेव्हाही ठेकेदाराकडेच होते, सहा-सात महिन्यांनी ब्रेक घ्यायचा आणि पुन्हा नव्या गेटपासवर नव्याने सुरुवात करायची. तुझ्या वयात रात्रीची झोप आणि पहाटेचं ताजं डोकं हे पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यासारखं असतं. अडचणीत विकलं तर पैसा हातात येतो खरा, पण मृग लागला की पेरायला काही नसतं. हे तुला शेतकऱ्याच्या मुलाला मी काय सांगायचं!

तू पहाटे पाचला उठणारा मुलगा आहेस. कॉट बेसिसच्या त्या खोलीत पाच जण झोपलेले असताना, बाहेरच्या जिन्यात बसून जो दीड-दोन तास अभ्यास करतोस, तो तुझा सगळ्यांत महागडा वेळ आहे, आणि कोणत्याही ठेकेदाराला त्याचा भाव परवडायचा नाही. तेवढा राखून जे काय करायचं ते कर.

कारखान्यात जायचंच असेल तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जा, दिवसाच्या शिफ्टला. त्याला माझी ना नाही, उलट एकदा जावंच. यंत्रापाशी आठ तास उभं राहिल्यावर बापाच्या पाठीची किंमत कळते. पण तिथेही घाईने सही करू नकोस. महिन्याची पगारपावती मिळते का ते विचार. पी.एफ. कापत असतील तर यू.ए.एन. नंबर मागून घे, तो बारा आकडी असतो आणि जन्मभर तोच राहतो. तुझ्याकडून बारा टक्के कापले तर मालकाकडूनही भर पडायची असते. पगार एकवीस हजारांच्या आत असला तर ई.एस.आय. लागू होतं, तुझा कापला जातो फक्त पाऊण टक्का, आणि प्रेसवर बोट सापडलं तर तेच कार्ड उपयोगी पडतं. ओटीचा दर नेहमीच्या दुप्पट असतो, हे कायद्यात आहे. हे सगळं विचारलं म्हणून कोणी रागावला, तर तिथे जायचं नाही, एवढं साधं आहे.

आता कमाईच्या आधीची एक गोष्ट, जी कमाईत कोणी धरत नाही. महाडीबीटीचा फॉर्म भरलास का? राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि तुझ्या खोलीतल्या त्या नांदेडच्या मुलाला सांग, समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना त्याच्यासारख्यांसाठीच आहे. कोणत्या अभ्यासक्रमाला काय लागू ते कॉलेजच्या खिडकीवर विचारावं लागेल, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला दोन खेपा घालाव्या लागतील, आणि संकेतस्थळ मध्येच बंद पडेल. ह्या कंटाळ्यापायी मुलं फॉर्म सोडून देतात आणि तेवढ्याच पैशांसाठी रात्री जागतात. धीर धरून हा एक फॉर्म भरणं ही महिनाभराच्या राबण्याइतकी कमाई असू शकते. धाकटीलाही सांगून ठेव, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. तिने बारावीनंतर फीच्या धाकाने घरी बसायचं नाही.

त्यानंतर कॉलेजमध्येच जा. आपल्या पुणे विद्यापीठाची कर्मवीरांच्याच नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागेला पाणी घालणं, अशी तासांवर मोजलेली कामं. पैसे थोडे मिळतात, हे मान्य. पण काम कॉलेजच्या आवारात, तासांमध्ये बसणारं, येण्याजाण्याचा खर्च नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत कोणी ओढून नेत नाही. ग्रंथालयात मिळालं तर सोडू नकोस. पुस्तकांच्या सहवासात तासाला पैसे मिळणं हे भाग्यच आहे, मला कधी लाभलं नाही.

तुझ्यासाठी माझ्या मनात जे काम आहे ते मात्र वेगळंच. भोसरीच्या गल्ल्यांमधून तू कधी पायी फिरला आहेस का? एका शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग, मालक स्वतः ग्रीसने माखलेला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाच्या खणात कोंबलेली बिलं. जॉबवर्कची चलनं, माल परत आला त्याच्या नोंदी, ई-वे बिलं, सगळं एकत्र. हा माणूस मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकू देत नाही, पण महिन्याची अकरा तारीख आली की त्याच्या पोटात गोळा येतो, कारण जीएसटीआर-एक भरायचं असतं, आणि वीस तारीख आली की तीन-बी. त्याला सी.ए.च्या ऑफिसात पिशवीभर कागद नेऊन ओतायला लाज वाटते. त्याला हवा असतो आठवड्यातून तीन संध्याकाळी येणारा, टॅली येणारा, शांत डोक्याचा मुलगा, जो कागद तारखेप्रमाणे लावील, नोंदी घालील, आणि कोणाचं येणं राहिलंय ते सांगील. तू दुसऱ्या वर्षाला आहेस, जमाखर्च तुला येतो, टॅली दोन-तीन महिन्यांत शिकशील. पहिला महिना पैशांची बोलणी लांबवू नकोस, पण कमी घे आणि काम दाखव. नंतर रक्कम कागदावर ठरवून घे, ओळखीच्या माणसाशी तर नक्कीच. आणि त्याच्या दुकानातला आकडा शेजारच्या दुकानात कधी बोलायचा नाही. दोन वर्षं हे केलंस तर पुस्तकातला ‘येणी व्यवस्थापन’ हा धडा कोणाला तुला शिकवावा लागणार नाही, कारण नव्वद दिवस बिल थकल्यावर एका भल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलेलं असेल. पैसा मिळेल आणि धंदाही शिकशील. माझं मत विचारशील तर हेच कर.

तुझा तो डिप्लोमाचा मित्र आहे ना, त्याला अशाच वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम मिळेल. जुन्या कागदावरची ड्रॉइंगं संगणकावर काढून देणारा मुलगा लहान मालकांना नेहमीच हवा असतो. फक्त त्याला सांग, माप दोनदा घे. व्हर्नियर घाईत वाचला की आकडा चुकतोच, आणि चुकलेल्या आकड्यावर शंभर नग कापले गेले की रिजेक्शनचा तो ढीग बघवत नाही.

शिकवण्याही आहेत. तुझ्या खोलीच्या आसपास जी कामगारांची घरं आहेत, लातूर-बीडची, खानदेशची, बिहारची, तिथे आई-बाप दोघंही कामाला, आणि मूल चौथीत असून पाढे म्हणताना अडखळतं. संध्याकाळी सहा ते साडेसात पाच-सहा मुलं घेऊन बस. फी कमी ठेव, पण वेळेला घे. आणि ज्याचे पैसे आले नाहीत त्या मुलाला चारचौघांत विचारू नकोस, हे तुला सांगायला नकोच म्हणा.

एक लांब पल्ल्याची गोष्ट आहे. चाकण-तळेगावात जर्मन, जपानी, कोरियन माणसं कामाला येतात, आणि त्यांच्या नि आपल्या कामगारांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचं बोलणं सांगणारा माणूस लागतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवतात, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे. जपानीच्या परीक्षा एन-पाचपासून एन-एकपर्यंत असतात, वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात. एन-पाच झालं म्हणून कोणी पैसे देत नाही, हे आधीच लक्षात घे. निदान एन-तीनपर्यंत पोचावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. पण रोज पहाटेचा अर्धा तास दिलास, तर पदवी हातात येईल तेव्हा तुझ्याकडे अशी एक वस्तू असेल, जी ह्या पट्ट्यातल्या हजारो पदवीधरांकडे नाही. ज्याला थांबता येतं त्याचंच हे काम, आणि तुला ते जमेल असं मला वाटतं.

दुचाकीवर घरोघरी डबे आणि सामान पोचवण्याचं काम तुझ्या वर्गातली बरीच मुलं करतात. त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही, पावसात भिजत दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला तुझी आजी आधी पाणी विचारते. पण त्या कामात मिनिटं मोजली जातात, आणि मला त्याचंच भय वाटतं. नाशिक हायवेवर, तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात ट्रेलर कसे चालतात ते तू पाहतोस. शिवाय त्यासाठी हप्त्यावर गाडी घ्यायची, मग हप्ता भरण्यासाठी आणखी फेऱ्या मारायच्या, आणि अभ्यास कधी सुटला ते कळतही नाही. कर्ज काढून कमाईची सुरुवात करायची नाही, एवढं माझं ऐक.

आणि मोबाइलवरची ती सगळी आमिषं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलांना तारे द्या, दिवसाला हजार मिळवा. आधी दोनशे रुपये खरंच देतात, मग ‘पुढच्या टास्कसाठी’ पाच हजार भरायला सांगतात, मग पन्नास हजार. काम देण्यासाठी जो आधी तुझ्याकडून पैसे घेतो, तो काम देणारा नव्हे. त्याहून वाईट म्हणजे, ‘तुझं बँक खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो’ असं सांगणारे कॉलेजच्या कट्ट्यांवर येतात. त्या खात्यातून कोणा म्हाताऱ्याची लुटलेली पुंजी फिरवतात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. कोणी फसलाच, तर लाजत बसू नये, त्याच तासाला १९३० वर फोन करावा. शेअर बाजारातल्या त्या फ्युचर-ऑप्शनचंही तसंच. सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला, त्यात एक कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाली. तुझ्या खोलीत कोणी फायद्याचा स्क्रीनशॉट दाखवील तेव्हा हा आकडा आठव.

जे मिळेल ते लिहून ठेव. छोटी वही कर, रोज रात्री झोपण्याआधी दोन ओळी, आले किती, गेले किती, वडापावसुद्धा लिहायचा. महिनाभराने वाचलंस तर कळेल की काही पैसे मिळवायचे नसतातच, ते फक्त जाऊ द्यायचे नसतात. मी आजही लिहितो, आणि आजी आजही त्यातली बेरीज तपासते. पोस्टात आर.डी. महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. पहिली कमाई आली की त्यातून शंभर तिथे टाक, उरलेल्यातून मेसचे दे, आणि जमलं तर धाकटीला एक मार्गदर्शक पुस्तक पाठव. सगळी रक्कम आईकडे पाठवायची घाई करू नकोस. तू उपाशी राहून पाठवलेले पैसे तिला गोड लागायचे नाहीत.

त्या ठेकेदाराला फोन करून सांग की परीक्षा झाल्यावर सुट्टीत दिवसपाळीला येईन. नम्रपणे सांग, माणूस तोडू नकोस. शनिवारी दुपारी तुझं कॉलेजचं वेळापत्रक घेऊन इकडे ये, आपण दोघं बसून आठवड्यातले मोकळे तास कागदावर काढू. भोसरीत माझ्याबरोबर टूलरूमला असलेल्या एकाने आता स्वतःची शेड टाकली आहे, त्याच्याशी मी बोलून ठेवतो. शब्द टाकणं माझं, पुढचं तुझं. येताना टॅलीच्या क्लासची फी किती आणि वेळ कोणती ते विचारून ये. जेवायला थांबायचं आहे, आजीने आत्ताच बजावलं आहे.

तुझा,
आजोबा